आठवी मूठ

लिंबायतमध्ये नूतन पाटीलच्या दातांची जेवढी चर्चा झाली, तेवढी सुरतेत दुसऱ्या कोणाच्या दातांची झाली नसेल. गेल्या वर्षी मार्चपासून ती आठवड्यातून दोनदा रिक्षाने कतारगामला जायची. कोणी विचारलं तर सांगायची, दाताचं काम चाललंय. जूनमध्ये शेजारच्या जयश्रीबाईंचा धीर सुटला.

"नूतन, तुना तोंडमा कितला दात शेतस वं?"

दात बत्तीस होते आणि सगळे शाबूत होते. कतारगामला मूल होण्यासाठी उपचार करणारा दवाखाना होता.

नूतन चौतीस वर्षांची. माहेर अमळनेरजवळचं, लग्नाला अकरा वर्षं झालेली. नवरा गोपाल लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यात, कारीगर. ती घरी साड्यांवर खडे चिकटवते. ओट्यावर पाच-सहा बायका हेच काम करत बसतात आणि हात गुंतलेले असल्याने तोंडं मोकळी असतात. अकरा वर्षांत तिला या ओट्यावर जडीबुटी, उपास, उशीची दिशा असं सगळं सांगून झालं होतं. एकीने आपलं बाळ मुद्दाम तिच्या मांडीवर ठेवलं, गुण येतो म्हणून. दुसरीने आपलं उचलून घेतलं, दृष्ट लागते म्हणून. दोघी एकाच दिवशी, शेजारीशेजारी बसलेल्या.

गल्लीत कोणाची ओटी भरायची असली की नूतनला बोलावणं यायचं, पण पुऱ्या तळायला. तिच्या पुऱ्या खरोखर छान फुगत, त्यामुळे हा अपमान आहे हे सिद्ध करणं अवघड होतं.

डॉक्टरांनी दोष दोघांतही थोडाथोडा सांगितला. गोपालला उष्णतेपासून दूर राहायला सांगितलं. खात्यात एसी लावायला सेठला सांगू का, असं त्याने विचारलं. डॉक्टर हसले नाहीत.

उपचारांबद्दल गोपालखेरीज फक्त सासूला, उषाबाईंना, माहीत होतं. इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागत आणि फ्रिज घरात एकच होता. दह्यामागचा डबा त्यांनी पहिल्याच दिवशी उघडला. नूतनने त्यांना शपथ घातली. उषाबाईंनी ती चार महिने पाळली. त्यांच्या स्वभावाच्या मानाने हा फार मोठा काळ होता.

सव्वीस जुलैला डॉक्टरांनी गर्भ तिच्या गर्भाशयात सोडला. रक्ताची तपासणी नऊ ऑगस्टला. नूतनला एवढंच हवं होतं, की हे चौदा दिवस कोणी काही विचारू नये.

मध्येच कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत ही देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्यांसाठी, पाटलांकडे आदल्या दिवशी भाऊबंदांसमोर गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. हे रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे.

उषाबाईंनी मोजायला सुरुवात केली. सासरे दगा. थोरला योगराज, त्याचे दोन मुलगे. गोपाल. चुलतसासरे निंबा आणि त्यांचा मुलगा. सात झाले. हात पुन्हा टोपलीत गेला आणि आठवी सव्वा मूठ सुपात पडली.

योगराजची बायको गायत्री मोजणीत कच्ची नाही. तिने सासूला विचारलं, "आत्या, हाई मूठ कोना नावनी?"

कानबाईचे गहू हातात असताना खोटं बोलायची सोय नव्हती. उषाबाईंनी सुपाकडे बघत सांगितलं, "जो येणार आहे, त्याच्या नावाची."

सगळ्यांनी नूतनकडे पाहिलं.

"पोरगाच आहे, हे डॉक्टरनं सांगितलं?" गायत्रीने विचारलं.

"आहे की नाही, तेच अजून सांगितलं नाही," नूतन म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. जयश्रीबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या आणि दात कसे आहेत ते विचारून गेल्या. ओट्यावरच्या बायकांनी तिच्या हातातली साडी काढून घेतली. बुधवारी पलीकडच्या सोनालीची ओटी होती. तिथे नूतनला पहिल्यांदाच पुढे बसवलं, ओटी भरायला लावली. पुऱ्या दुसऱ्या कोणीतरी तळल्या. त्या पापडासारख्या झाल्या.

शनिवारी नऊ तारीख, पौर्णिमा. सकाळी रक्त दिलं. दुपारी फोन आला. नर्स म्हणाली, "रिपोर्ट नेगेटिव आव्यो छे, बेन."

नूतनने फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन सगळ्यांना एकदाच सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. गोपालने मान खाली घातली. सगळ्यांचं लक्ष फ्रिजवरच्या रोटाच्या डब्याकडे गेलं.

आठव्या मुठीचा एक रोट उषाबाईंनी वेगळा ठेवला होता. सहा दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता. पौर्णिमा रात्रीपर्यंत होती. आता तो खायचा कोणी, हा प्रश्न होता, आणि विचारायला कोणी धजत नव्हतं.

नूतनने डबा काढला. रोट विटेसारखा कडक झाला होता. तिने तो चहात बुडवला, फरक पडला नाही. मग तसाच चावायला लागली.

"अगं, तो त्याच्या नावाचा होता," उषाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"आता माझ्या नावाचा. पुढच्या वर्षी आठवी मूठ घ्यायची तर माझ्या नावाची घ्या."

"बाईच्या नावाची नसते, बेटा."

"आलाच नाही त्याच्या नावाची असते?"

उषाबाईंनी बराच विचार केला. असं कोणी पूर्वी विचारलेलं त्यांना आठवेना. "बघू," त्या म्हणाल्या.

"बघायचं तर माझी पण घ्या," गायत्री लगेच म्हणाली. "आणि काकूची. तिच्या सुनेची. तुमची स्वतःची."

दगा पाटलांनी बोटांवर हिशेब केला. ते घाबरले. "बारा मुठींचे रोट? पौर्णिमेच्या आत संपवणार कोण?"

नूतनचं तोंड भरलेलं होतं. तिने हात वर केला.