कालखंडाबाहेरची पत्रं

हजेरीच्या कागदावर तीन सह्या होत्या. एक शिपाई पोपटमामांची, एक ग्रंथपालांची आणि तिसरी माझीच. माझे गाइड गुंजाळ सर यांनी माझ्या नावावर काट मारली.

"उमेदवार स्वतः श्रोता नसतो, मॅडम," ते म्हणाले. "निदान पाच जण तरी दाखवा. रेफरी सर गेस्टरूममधून निघालेत."

सोप्या शब्दांत सांगते. पीएच.डी.चा प्रबंध बाहेरचे तज्ज्ञ तपासतात, त्यांना रेफरी म्हणतात. शेवटी त्यांच्यापैकी एक जण कॉलेजात येतो आणि सगळ्यांसमोर उमेदवाराला प्रश्न विचारतो. हा ओपन व्हायवा. त्याला कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात फेटा, शाल, नारळ आदल्या दिवशीच आणलेले असतात, पेढ्यांचे बॉक्स कपाटात असतात आणि श्रोत्यांचे प्रश्न दोन सहकाऱ्यांना आधीच वाटून दिलेले असतात. साखरपुड्याच्या दिवशी मुलीला पसंती विचारतात, तितपतच हा प्रकार खरा.

माझे ते दोन सहकारी त्या सकाळी निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले होते. तेच काय, अर्धा स्टाफ गेला होता. देवळाली प्रवऱ्याहून भाऊ येणार होता, पण नेमकी त्याच दिवशी त्याच्या उसाला कारखान्याची तोड आली. तोड आली की माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा जातो, म्हणून मी रागावले नाही. फक्त त्या मोठ्या हॉलमध्ये मांडलेल्या साठ खुर्च्या मी दोनदा मोजल्या.

तशी मला एकटेपणाची सवय होती. कर्जतच्या या कॉलेजात शिकवत भाड्याच्या खोलीत मी अकरा वर्षं राहत होते, आणि खरं सांगायचं तर एका आयरिश माणसाबरोबर राहत होते. माझा प्रबंध त्याच्यावर होता. त्याचं नाव देत नाही. दिलं तरी कुणी ओळखणार नाही. तो आयर्लंडचा एक नेमस्त पुढारी. आपल्याकडे नेमस्त आणि जहाल होते, तसेच तिकडेही होते. इंग्रजांच्या पार्लमेंटमध्ये बसायचं, भाषणं करायची, अर्ज द्यायचे आणि कायद्याने स्वराज्य मिळवायचं, असं हा म्हणायचा. आयुष्यभर त्याने तेच केलं. कायदा मंजूरही झाला, पण महायुद्ध आलं म्हणून बासनात गेला. मग तरुणांनी बंदुका उचलल्या, इंग्रजांनी त्यांच्यातल्या काहींना गोळ्या घातल्या आणि लोकांचं मन फिरलं. पुढच्या निवडणुकीत नेमस्तांचा पार पालापाचोळा झाला. माझा माणूसही पडला. तिथे माझा प्रबंध संपत होता.

"कर्जतच्या बाईला आयर्लंड कशाला?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर मलाही धड देता यायचं नाही. दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूस मला आवडला, एवढंच.

त्या दिवशी डिग्री मिळणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. राहुरीच्या बाजूला एका कॉलेजात इतिहासाची जागा निघाली होती. पीएच.डी. अनिवार्य, मुलाखत पंधरा दिवसांवर. तिथून भावाचं घर स्कूटीवर वीस मिनिटं. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणीतरी "आलीस का?" म्हणेल, एवढंच मला हवं होतं.

पोपटमामा धावपळ करून तिघांना घेऊन आले. कॅन्टीनच्या मंदाताई, गेटवरचे झेरॉक्सवाले आणि वाचनालयातले आबा.

आबांना मी अकरा वर्षं बघत होते. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. रोज सकाळी दहाला यायचे, एक वाजेपर्यंत पेपर वाचायचे आणि जायचे. आमची ओळख नमस्कारापुरती. त्यांनी कागदावर सही केली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: माजी सभापती, पंचायत समिती. झेरॉक्सवाले गालातल्या गालात हसले.

व्हायवा सुरू झाला. मी वीस मिनिटं बोलले. रेफरी सर शांत गृहस्थ होते. त्यांनी संदर्भांबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. मग गुंजाळ सर उठले. "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं असल्यास..." असं म्हणत त्यांनी एका हाताने फेट्याचा बॉक्स जवळ ओढला.

आबांनी हात वर केला.

गुंजाळ सरांचा हात बॉक्सवरच राहिला. "आबा, प्रश्न विषयाला धरून हवा बरं का."

"विषयालाच धरून हाय," आबा उभे राहत म्हणाले. "मॅडम, त्यो पडला म्हनलात. पडल्यावं त्यो काय करायचा? सकाळी उठून कुठं जायाचा?"

गुंजाळ सरांनी माझ्याकडे बघून डोळे किंचित मोठे केले. ती खूण मला कळली. आदल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, अडचणीचा प्रश्न आला की 'साधनं उपलब्ध नाहीत' म्हणायचं. साधनं म्हणजे कागदपत्रं, पत्रं, दप्तरं, ज्यांच्यावर इतिहास उभा राहतो ते सगळं. कागदच नाही म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मी ते तीन शब्द बोलले असते, तर डिग्री घेऊन देवळालीला गेले असते.

पण साधनं होती. तिकडच्या दप्तरखान्याने मला स्कॅन करून पाठवलेल्या कागदांत त्याची पराभवानंतरची पत्रं होती. एका रविवारी खोलीत बसून मी ती सगळी वाचली होती आणि वाचताना रडले होते. नंतर ती एका फोल्डरमध्ये टाकली आणि फोल्डरला नाव दिलं 'कालखंडाबाहेर'. संशोधन कुठून कुठपर्यंतच्या काळाचं, ते आम्ही सुरुवातीलाच ठरवतो, त्याला कालखंड म्हणतात. निवडणुकीवर थांबायचं हा गुंजाळ सरांचा सल्ला होता. "वाढवत बसलात तर रिटायर व्हाल," ते म्हणाले होते.

"तो रोज सकाळी दहाला त्याच्या जुन्या ऑफिसात जायचा," मी म्हणाले. "एका दुकानावरची खोली होती ती. लोकांची कामं घेऊन यायचे, तो अर्ज लिहायचा. कुण्या विधवेची पेन्शन, कुठला पूल. वरून उत्तर यायचं की आपण आता सदस्य नाही, आपल्या पत्राची दखल घेता येत नाही. मग लोक यायचे थांबले. तरी तो जायचा. बहिणीला लिहिलेल्या एका पत्रात म्हणतो, आज कुणीच आलं नाही. खोलीत थंडी आहे. उद्या पुन्हा जाईन."



"धालाच जायाचा व्हय?" आबांनी विचारलं.

"हो. दहालाच."

आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तर मंग त्याची कारकीर्द निवडनुकीत संपली न्हवती, मॅडम. तिथं ती तुमी संपिवली."

ते खाली बसले. रेफरी सरांनी चष्मा लावला आणि माझ्या प्रबंधाची शेवटची पानं उलटली.

"ही पत्रं तुमच्याकडे आहेत?"

"आहेत, सर."

"मग इथे शेवटी तुम्ही लिहिलंय, 'पराभवानंतर त्याने सार्वजनिक जीवनातून निवृत्ती घेतली.' हे वाक्य कशाच्या आधारावर?"

 खरं तर प्रकरण बंद करायला वाक्य बरं वाटलं होतं, म्हणून लिहिलं होतं.

"कालखंड कुणी ठरवला?" त्यांनी विचारलं.

गुंजाळ सर बुटांकडे बघत होते. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

"मीच, सर," मी म्हणाले.

"माहीत नसताना चुकलं असतं तर मी आज सही केली असती," रेफरी सर सावकाश म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं. प्रकरण लिहा आणि सुधारित प्रबंध सादर करा. सहा महिने देतो."

गुंजाळ सरांनी खूप सांगून पाहिलं. मुलाखतीचंही सांगितलं. रेफरी सर वाईट माणूस नव्हते, पण सही झाली नाही. शाल-नारळ त्यांनी नम्रपणे नाकारला आणि जेवून गेले. फेटा परत कपाटात गेला.

राहिले पेढे. "याचं काय करायचं?" मंदाताईंनी विचारलं. "वाटून टाका," मी म्हणाले. "कशाचे म्हनून सांगू?" मी बॉक्स त्यांच्या हातात दिले आणि त्यांनी काहीच न सांगता वाटले.

सगळे पांगल्यावर आबा तेवढे बसून होते. पेढा तसाच हातात.

"माज्यामुळं झालं काय हे?"

"हो आबा, तुमच्यामुळेच झालं," मी म्हणाले. मला भयंकर राग आला होता आणि तो लपवायची ताकद नव्हती.  मी तिथून निघून जायला हवं होतं, पण खोलीवर जाऊन तरी मी काय करणार होते? मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. आणि मग मलाच कळेना, की मी अकरा वर्षं एका परक्या माणसाची पत्रं वाचत होते आणि ह्यांना कधी काही का विचारलं नव्हतं.

"तुम्ही पडल्यावर काय केलंत, आबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजवर कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

मग सांगू लागले. कालव्याचं पाणी पाळीपाळीने सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. आबा सभापती असताना वरची गावं पाणी सोडेनात आणि कालव्याच्या शेवटाला, टेलला असलेली गावं दगड घेऊन निघालेली. आबांनी दोन्हीकडच्यांना एका सतरंजीवर बसवून पाणी अर्धं अर्धं करून दिलं. "वरचे म्हनले, आमचं पानी इकलं. खालचे म्हनले, आमचं निम्मं घालिवलं. पुढच्या विलेक्शनला दोघं एक झाले अन् मला पाडलं. एकी तेवढी झाली बगा," असं म्हणून ते हसले. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. टेलच्या गावाला पाणी पोचत नाही, अशी निवेदनं. हाताने लिहिलेली, प्रत्येकाला पोचपावती टाचलेली. वरची गेल्याच महिन्यातली होती.

"उत्तर येतं का?" मी विचारलं.

"पोच येती," आबा म्हणाले.

राहुरीची जागा दुसऱ्या एकाला मिळाली. भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "पुढं बगू, ताई." पुढे जागा निघाली नाही. मी सहा महिन्यांत ते प्रकरण लिहिलं, डिग्री मिळाली आणि मी कर्जतमध्येच राहिले. गुंजाळ सर काही दिवस बोलत नव्हते. नंतर एकदा जाता जाता म्हणाले, "शेवटचं प्रकरण बाकीच्यांपेक्षा बरं झालंय."

बाइंडिंग करून आणलेली प्रत मी आबांना दाखवायला वाचनालयात नेली. प्रबंध इंग्रजीत होता. ऋणनिर्देशाच्या पानावर त्यांना स्वतःचं नाव दाखवलं. मला आभार मानायला माणसं थोडीच होती, त्यामुळे नाव लगेच सापडलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"म्होरं माजी सभापती लिवलंय?"

"नाही आबा. नुसतं नाव लिहिलंय."

त्यांनी जरा विचार केला. "बरं केलं," ते म्हणाले.

आता मी स्वतः गाइड आहे. पोरं कालखंड विचारायला येतात, तेव्हा सांगते की तुमचा माणूस पडला तरी लगेच वही मिटू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठे गेला, ते बघा. कागद सापडला नाही तर खुशाल 'साधनं उपलब्ध नाहीत' लिहा, पण सापडला तर डिग्री सहा महिने लांबते, तेवढी तयारी ठेवा. त्यांना ही गंमत वाटते. दहाचं लेक्चर नसलं की मी वाचनालयात जाते. आबा पेपरातून मान वर न करता शेजारची खुर्ची सरकवतात आणि म्हणतात, "आलात का?"