बाटल्या न धुणारी कानवाली

"पाणी भरायला बाई चालते. मग सोडायला का चालत नाही, एवढंच मला सांग," आत्या म्हणत होती.

पंपघरामागच्या दोन खोल्यांत भांडण चाललं होतं, तेही आवाज दाबून, म्हणजे सगळ्या घराला नीट ऐकू जाईल असं. मुलगी दाराआड मटार सोलत बसली होती. भांडण तिच्यावरूनच होतं, त्यामुळे सोललेले दाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात जात होती.

"अगं, त्या झडपा म्हणजे काय बरणीची झाकणं आहेत?" तिचा बाप म्हणाला. तो पंपवाला. "चार-चार गडी लागतात फिरवायला."

"गडी लागतात, कारण तुम्ही वेळच्या वेळी तेल घालत नाही."

"उद्या लोक म्हणतील, पंपवाल्याला मुलगा नाही म्हणून पोरीच्या हातात पाना दिला."

"म्हणू देत. नळाला पाणी आलं की लोक भरायला पळतात, बोलायला कोणी थांबत नाही."

आत्या बोलण्यात जिंकली आणि बाप करण्यात. मुलीचं लग्न झालं. नवरा स्वभावाने गरीब, हो म्हणायलाही दोनदा विचार करणारा, पण नाही म्हणायला त्याहून जास्त वेळ घेणारा, तेवढं तिचं बरं झालं. पाणीखात्याच्या गाळणघरात तिला काम मिळालं ते नमुन्याच्या बाटल्या धुण्याचं. टाकीटाकीचं पाणी तपासायला यायचं, ते ज्या बाटल्यांतून यायचं त्या उकळायच्या, पालथ्या घालायच्या, पुसायच्या. बाटल्या संपायच्या नाहीत. हाताची बोटं कायम सुरकुतलेली, जणू म्हातारपण तिथूनच वर चढत येत होतं.

मग खात्याने कामगारांसाठी शिक्षणाचा वर्ग काढला. पाइप जोडणं, पंप चालवणं, औषध सोडणं आणि जमिनीखालची गळती शोधणं. तिने गळतीच्या वर्गाला नाव दिलं. मुकादम हसून म्हणाला, "बाई, त्याला कान लागतो."

"दोन आहेत," ती म्हणाली.

तेव्हापासून तिचं नाव कानवाली पडलं. ठेवणाऱ्याने चिडवायला ठेवलं होतं. तिने ते नव्या लुगड्यासारखं अंगाभोवती लपेटून घेतलं.

कचेरीमागच्या आवारात मास्तरांनी जुने पाइप पुरून त्यांना मुद्दाम भोकं पाडली होती. लांब लोखंडी सळईचं एक टोक झडपेवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाणी नुसतं वाहत असेल तर गुणगुणतं, फुटून बाहेर पडत असेल तर फुसफुसतं. आवाज सगळ्यात मोठा जिथे, तिथे रस्त्यावर खडूने खूण करायची. मग बिगारी खणणार. खूण करणारा बाजूला उभा राहून चहा पिणार, ही तिथली जुनी रीत.

परीक्षा खऱ्या रस्त्यावर होती. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आधी, शिंप्याच्या दुकानासमोर तिने सळई टेकवली. फुसफुस स्पष्ट होती. तिने खूण केली, ठसठशीत, जरा तोऱ्यातच. बिगाऱ्यांनी ऊन वर येईपर्यंत खणलं. माती कोरडी ठणठणीत. आवाज येत होता तो शिंप्याच्या घरातल्या टाकीचा. पाणी थांबवणारा टाकीतला तरंगता गोळा अडकला होता आणि टाकी भरून मोरीत वाहत होती. ऐकण्याआधी घराघरांचे नळजोड बंद करून घ्यायचे, हा पहिला धडा. घाईत तोच राहिला होता.

वर्गातले सगळे खड्ड्याभोवती जमले. कोणीतरी म्हणालं, "विहीर छान लागली." मुकादमाने तिच्या हातातली सळई घेतली. "झाली हौस? उद्यापासून आपल्या बाटल्या बऱ्या."

ती घरी गेली आणि जेवली नाही. पुन्हा त्या बाटल्यांत गेले तर मरेपर्यंत तिथेच, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रडायला वेळ होता, पण रडून डोळे सुजतात आणि सकाळी लोकांना ते दिसतात. म्हणून ती झोपली.

सकाळी ती गाळणघराकडे वळलीच नाही. शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन फावड्याने तो खड्डा बुजवायला लागली. मुकादम सायकलवरून उतरला.

"हे काय चाललंय? तुमची जागा तिकडे आहे."

"मुकादम, मी चुकले. ते चुकणं माझं आहे, नाही म्हणत नाही. पण चुकीला बाटल्या धुणं हे उत्तर नाही." तिने फावडं थांबवलं नाही. "तुम्हीही एकदा चुकीची खूण करून शाळेचं फाटक उखडून ठेवलं होतं. पोरं किती दिवस फळीवरून आत जात होती. तुम्हाला कोणी धुवायला बसवलं?"

बिगारी हसले. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते मातीकडे बघायला लागले.

"दमदाटी करता?"

"परीक्षा मागते. सळई द्या. या वेळी खूणही मीच करीन आणि खणीनही मीच. कोरडं निघालं तर बाटल्या कुठे ठेवल्यात ते मला माहीत आहे."

मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांनीच सळई पुढे केली.

तिने गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार वाजवलं, नळजोड बंद करून घेतले. शिंपी म्हणाला, "ताई, आज कुठे खणणार? दुकानात तर नाही ना?" मग ती ऐकत फिरली. आज फुसफुस बारीक होती, भिंतीपलीकडे कोणी कुजबुजावं तशी. वळणावर तिने खूण केली आणि कुदळ उचलली. हाताला फोड आले, कंबर धरली. एका बिगाऱ्याने कुदळ मागितली, तिने दिली नाही. खूण हातभर चुकली होती, पण खड्ड्याच्या कडेची माती काळी पडली आणि तिथून पाणी झिरपायला लागलं.

मुकादम म्हणाला, "हातभर चुकलं."

"बुजवते आणि हातभर सरकते," ती म्हणाली. सरकून खणलंही.

ती पास झाली. पुढे तिथेच शिकवायला लागली, तेव्हा तिने रीतच बदलली. ज्याची खूण, त्याची कुदळ. पुरुषांनी कुरकुर केली, अर्ज केले, एकाने तर पाठदुखीचा दाखला आणला. तिने त्याला दाखल्यासकट खड्ड्यात उतरवलं. बिगारी मात्र तिच्यावर खूश. खुणा फार जपून पडायला लागल्या होत्या.

केस पांढरे झाले, खात्याने निरोप दिला, तरी ती आवारात जायचीच. नवीन साहेब म्हणाले, "आजी, आता घरी आराम करा." ती म्हणाली, "घरी सून एकदम नीट काम करते. मी बसून कोणाला बोलू?"

ती शेवटची कामाला गेली त्या दिवशी बेकरीच्या भिंतीला ओल आली होती. ती वर्गातल्या दोन मुलींना घेऊन गेली. एकीने सळई लावली, बराच वेळ ऐकलं, खूण केली.

"नळजोड बंद केलेस?"

"केले."

"खात्री?"

मुलगी घुटमळली, मग म्हणाली, "आहे."

"मग उतर."

ती स्वतः बेकरीच्या पायरीवर बसली. मुली खणत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या, आणि ती मधूनच "जरा डावीकडे" एवढंच म्हणत होती. ओली माती लागली, मुख्य झडप बंद केली, पाइपला पट्टा बसवला, खड्डा बुजवला. निघताना तिने बेकरीतून सुनेने सांगितलेला पाव घेतला, कालचा देऊ नकोस म्हणून बेकरीवाल्याशी हुज्जत घातली, आणि गरम पाव पदरात धरून घरी गेली.