पीटवरच्या मेंढ्या

सुहासिनी सोवनीला मातीतलं सगळं कळायचं, माणसांतलं जरा उशिरा. पुण्याचं शेतकी कॉलेज, ग्लासगोला पीएचडी, मग तिथेच सरकारी प्रयोगशाळेत नोकरी. नवरा जयंत हॉस्पिटलात डॉक्टर. कसं सरळ चाललं होतं.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि मे महिन्यात तिची धूळ पावसातून स्कॉटलंडच्या डोंगरांवर उतरली. मेंढ्यांच्या अंगात किरणोत्सारी सीझियम सापडलं, विक्रीवर बंदी आली. मेंढ्या पाळणाऱ्या एल्स्पेथ नावाच्या विधवेला नेमकं तेव्हाच जमिनीसाठी गिऱ्हाईक आलं होतं. विकून मोकळं व्हावं की थांबावं, एवढंच तिला ठरवायचं होतं. प्रयोगशाळेकडून तपासणीला आलेल्या सुहासिनीनं सीझियम किती दिवसांत उतरतं याचा तक्ता पाहिला आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, “तीन आठवड्यांत उतरेल. थांबा तुम्ही.” एल्स्पेथ थांबली.

तक्ता होता खालच्या चिकणमातीच्या शेतांचा. चिकणमाती सीझियम धरून ठेवते, गवताला देत नाही. डोंगरावर होतं पीट, कुजलेल्या झाडपाल्याची काळी, ओली माती. ती काही धरत नाही. दर उन्हाळ्यात विष पुन्हा गवतात, तिथून मेंढीच्या पोटात. एवढी शिकलेली बाई, आणि पायाखालची माती बघायची विसरली! त्याच वर्षी सप्टेंबरात हे तिच्या लक्षात आलं.

साहेब म्हणाले, “रिपोर्ट येईपर्यंत बाहेर एक शब्द नको.” जयंत म्हणाला, “अगं, नोकरी जाईल. चूक काय तुझ्या एकटीची आहे?” तिला अन्न गोड लागेना, स्वतःची लाज वाटायची, पण ती गप्प बसली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मध्ये बढतीसुद्धा मिळाली, घ्या!

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती एकटीच गाडी काढून गेली. एल्स्पेथचा कळप निम्म्यावर आला होता. फाटकावर विक्रीची पाटी होती, पण आता ती जमीन कोण घेणार?

सुहासिनीनं दारातच सांगितलं, “माझा अंदाज चुकला होता. मातीच वेगळी होती.” मग ती बोलतच राहिली, चिकणमाती, पीट, तक्ते, साहेब, सगळं.

एल्स्पेथनं ऐकून घेतलं. “अंदाज कुणाचाही चुकतो,” ती म्हणाली. “पण शहाऐंशीच्या नोव्हेंबरात मी तुला फोन केला होता. गिऱ्हाईक तेव्हाही तयार होतं. तू म्हणालीस, अजून थोडं थांबा.”

चूक कळल्यानंतरचा तो फोन सुहासिनीच्या पक्का लक्षात होता. तेच कबूल करायला ती इतक्या लांब आली होती, आणि तेवढंच सोडून बाकी सगळं बोलली होती.