पुणतांब्याचा प्रवेश अर्ज

जूनमध्ये आम्ही प्राध्यापक मंडळी विद्यार्थी शोधत मोटारसायकलवर गावोगाव हिंडतो. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. पण पहिल्या वर्षाला पुरेशी मुलं आली नाहीत तर विषयच बंद पडतो, आणि मी समाजशास्त्राला तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे तास असतील तर पगार, नाहीतर घरी. एमएला मानववंशशास्त्राचे पेपर हौसेनं घेतले, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झालो, जागा निघायची वाट बघत तिशी ओलांडली. सुरुवातीला याचा राग यायचा. हल्ली काहीच येत नाही.

त्या दिवशी आमच्या विषयाला एकच नाव कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी प्रवेश बंद होणार होते. पुणतांब्याच्या पुढे एका वस्तीवर बारावी होऊन वर्षभर घरी बसलेली मुलगी आहे, असं कळलं म्हणून निघालो. बरोबर इतिहासाचे सर होते. कायम नोकरीतले, पिकल्या केसांचे, केवळ माझ्यासाठी उन्हात आलेले.

अंगणात पोचताच मुलीचे वडील टोपी सावरत पुढे आले. "या, या पाहुनं," म्हणत त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. आम्ही तोंड उघडायच्या आत पोहे आले. आणणारी मुलगी साडीत होती, डोक्यावर पदर. बशा देऊन ती समोर पाटावर बसली आणि खाली बघत राहिली. विवाहसंस्था हे प्रकरण मी दरवर्षी शिकवतो, तरी आपल्याला नवरदेव समजलेत हे कळायला मला अर्धी बशी पोहे लागले. या आठवड्यात पाहुणे येतील, असा त्यांच्या मेहुण्याचा निरोप होता म्हणे.

"शिक्षण?" वडिलांनी विचारलं.

"एमए, सेट."

"लई झालं की. नोकरी?"

"कॉलेजात."

"पर्मनंट हाय का?"

"नाही. तासावर."

"जमीन?"

"नाही."

मी त्यांना का थांबवलं नाही, कोण जाणे. इतक्या मुलाखती दिल्यात की प्रश्न आला की उत्तर आपोआप जातं.

वडिलांनी टोपी पुन्हा सावरली. मग फार सभ्यपणे म्हणाले, "तसं काय न्हाई, पन पोरीला अजून शिकवायचं म्हनतोय आमी."

सरांना हसू आवरेना. "अहो, त्यासाठीच तर आलोय आम्ही!" म्हणत त्यांनी आम्हा दोघांचे विषय सांगितले आणि पिशवीतून प्रवेश अर्ज काढला.

आत बायका हसल्या. वडील ओशाळले, पण शब्द तोंडातून गेला होता. "बरं, घाला नाव," ते म्हणाले. चला, विषय वाचला, असं मला वाटलं. मग समाजशास्त्र घेऊन पुढे काय काय करता येतं ते मी पाठ असल्यासारखं सांगितलं: स्पर्धा परीक्षा, सामाजिक संस्था, सर्वेक्षणाची कामं, दवाखान्यात समाजसेवेचं पद, प्राध्यापकी.

प्राध्यापकी म्हटल्यावर मुलीनं मान वर केली.

"सर, राग नका मानू," ती म्हणाली, "पन त्याचं काय होतं ते आत्ताच ऐकलं न्हाई का? मी ह्या दुसऱ्या सरांचा विषय घेते."

वडील तिच्यावर खेकसले. सर बशीत बघू लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून थोडा थांबलोही, पण आत काही हललं नाही. ती बरोबरच बोलत होती, आणि पोहे चांगले झाले होते. सरांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून अर्ज मीच भरला. विषयाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'इतिहास' लिहिलं आणि सहीसाठी अर्ज तिच्यापुढे सरकवला.