एकही शर्यत न जिंकलेले लार्सराव

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये मैलांपेक्षा किस्से लवकर जमतात. मैलांसाठी निदान पाय तरी हलवावे लागतात. त्यातले निम्मे किस्से एकट्या लार्सचे. हा स्वीडनचा, रिटायर्ड व्यावसायिक सायकलपटू आणि आमच्या नागपूरच्या नंदिनीचा नवरा. जावई, म्हणून लार्सराव.

*

पहिल्याच दिवशी पुण्याच्या देशपांडेने विचारलं, "किती रेस जिंकलात?"

"एकही नाही."

"मग इतकी वर्षं करत होतात काय?"

"कॅप्टनला पाणी आणून द्यायचो. त्याच्यापुढे राहून वारा अडवायचो. तो जिंकायचा."

"म्हणजे आयटीच की. राबायचं आपण, प्रेझेंटेशन मॅनेजरचं."

लार्स म्हणाला, "हो, पण आमचा मॅनेजर सोबत सायकल तरी चालवायचा."

*

लार्सची सवय जाईना. हा पुढे वारा झेलणार, आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे आरामात. देशपांडे आपला स्पीड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लागला. "डाएटचा परिणाम," म्हणे.

एका रविवारी लार्स आला नाही. दोन मैलांत देशपांडे धापा टाकत थांबला. "काय यार, हा वारा आजच सुरू झाला का?"

*

जर्सीच्या मागच्या खिशांत लार्स सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या कोंबून आणायचा. कुलकर्णीकाका, वय सत्तर, म्हणाले, "पाण्यापेक्षा चहा बरा." पुढच्या रविवारी चढावर मागून थर्मास हजर.

काकांनी घोट घेतला. "आलं कमी पडलंय हो, लार्सराव."

*

मग कळलं, नंदिनीला तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी मिळाली, दोघं निघाले. निरोपाच्या जेवणात ती म्हणाली, "घरीसुद्धा हा सगळ्यांना वाढून शेवटी जेवतो. एकदा, फक्त एकदा, मला याला पहिलं आलेलं बघायचंय."

लार्स तेव्हा आत पोळ्या गरम करत होता. आम्ही तिथल्या तिथे कट केला. शेवटच्या रविवारी, गावाच्या पाटीपर्यंत शर्यत. लार्सला जिंकू द्यायचं.

*

नंदिनी पाटीपाशी मोबाइल धरून उभी. पाटी दिसताच आम्ही सगळे ढेपाळलो. कुणी चेन बघतोय, कुणी खोकतोय. देशपांडेने तर खरं वाटावं म्हणून पुढच्या चाकातली हवाच सोडली.

लार्स एकटा पुढे. पाटी हातभर अंतरावर. त्याने मागे वळून पाहिलं आणि सायकल फिरवली.

"पंक्चर?" देशपांडेपाशी येऊन त्याने विचारलं.

"हो, पण तुम्ही व्हा पुढे, लार्सराव. प्लीज."

तोवर लार्सने स्वतःचं पुढचं चाक काढून देशपांडेच्या सायकलला बसवलंही होतं. देशपांडेला सीटवर चढवलं, पाठीवर हात ठेवला आणि धावत धावत असा ढकलला, की ब्रेक सापडेपर्यंत देशपांडे पाटीपलीकडे.

व्हिडिओत पहिला येणारा देशपांडे रडवेला दिसतो. मागे लार्स, दोन्ही हात वर करून रस्त्यात नाचतोय.

नंदिनीने तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, "लग्नातही इतका खूश नव्हता."