लाडाचं झाड

आमच्या घरात कुणाचे फाजील लाड होताना दिसले, की "लाडाचं झाड करून ठेवता काय त्याले?" असं विचारायची पद्धत आहे. दहावीपर्यंत आई माझी वेणी घालून द्यायची, तेव्हा मलाही हे ऐकावं लागलं. बाहेरच्या माणसाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे ते झाड खरोखरच होतं, आणि ते आईनंच करून ठेवलं होतं.

आई अकोल्याकडची, खारपाणपट्ट्यातली. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी इतकं खारट, की चूळ भरतानाही तोंड वाकडं व्हावं. गोडं पाणी लांबून आणायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदळाचं गाईला. अशा घरातली मुलगी लग्न होऊन मोर्शीकडच्या संत्र्याच्या गावात आली. मागचं दार उघडलं की बगीचा, आणि बगीच्यात काठोकाठ भरलेली गोड्या पाण्याची विहीर. सुरुवातीला ती काही काम नसताना नुसती विहिरीत डोकावून यायची म्हणे.

मग थंडी पडली आणि बाबांनी झाडांचं पाणी तोडलं. संत्र्याला ताण देतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या गावात ही सांगायची गोष्टच नाही. सूर्य कुठून उगवतो हे नव्या सुनेला कोण समजावून सांगतं? महिना-दीड महिना झाडाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, काही गळतात. मग वेळ पाहून पाणी सोडलं, की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. पाणी चालूच ठेवलं तर पालवी मजेत फुटते, फूल मात्र येत नाही. आईला दिसलं ते एवढंच, की विहीर भरलेली आहे आणि झाडं तहानेनं माना टाकतायत. तिच्यानं बघवेना. रोज दिवेलागणीला भांडी घासून झाली, की मागच्या दाराजवळच्या एका झाडाच्या आळ्यात ती गुपचूप बादल्या ओतू लागली. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नव्हतं, म्हणून एकाला.

बहार आला तेव्हा सगळा बगीचा पांढरा झाला आणि घर वासानं भरलं. फक्त मागच्या दाराजवळ एक झाड हिरवंगार, तुकतुकीत, आणि त्यावर औषधालाही फूल नाही. चोरी लपण्यासारखी नव्हती. गल्लीतल्या बायका ते झाड बघायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. बाबा हसले नाहीत. ते झाडापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "याले वाटलं, आपलं तं सारं बरं चाललं हाय. मंग फुलायचं कायले?"

त्यानंतर त्यांनी तिला ताण शिकवला. ताण म्हणजे झाडाकडे पाठ फिरवणं नव्हे. उलट त्या दिवसांत झाडाकडे जितकं बघावं लागतं, तितकं एरवी लागत नाही. दुपारच्या उन्हात पानानं मान टाकली तर घाबरायचं नाही. सकाळी जाऊन बघायचं. रात्रीतून पान सरळ झालं असेल तर झाडात जीव आहे, अजून थांबता येतं. सकाळीही ते वळलेलंच असेल तर मात्र हट्ट सोडायचा आणि पाणी द्यायचं. आमच्या घरात हिवाळ्यातली पहिली बातमी हीच असायची. बाबा बगीच्यातून येऊन दारातूनच सांगायचे, "पान सरळ हाय," आणि मग चहा.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला दिलेली, आणि विम्याच्या ऑफिसात नोकरी. काय काय वाईट होऊ शकतं हे लोकांना दिवसभर समजावून सांगण्याचा मला पगार मिळतो, तेव्हा स्वभाव तसाच झाला असेल तर नवल नको. घरातून निघताना गॅस दोनदा बघते. नवरा म्हणतो, तू देवाकडेसुद्धा पॉलिसीचे कागद मागशील. मागीन, त्यात काय चुकलं?

तीन वर्षांपूर्वी बाबांना बगीच्यातच हृदयविकाराचा झटका आला. झाडाखाली पडलेले होते. शेजारच्या वावरातल्या शेतकऱ्यानं पाहिलं, मोटारीत घालून अमरावतीला नेलं, म्हणून वाचले. दोन स्टेंट बसले. आई त्या वेळी घरात भाकरी करत होती. तिला कळलं तेव्हा मोटार अमरावतीच्या अर्ध्या वाटेत पोचली होती. आपण चुलीपाशी बसलो होतो आणि ते तिकडे एकटे पडले होते, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना. दवाखान्यातून सुटी मिळाली तशी मी दोघांना थेट अकोल्याला आणलं. बगीचा त्याच शेजाऱ्याला सांभाळायला दिला. लेकीच्या घरी कसं राहायचं, असा एक शब्दही आईनं काढला नाही, यावरूनच ती किती भ्यायली होती ते कळावं.

मग आम्ही मायलेकींनी मिळून बाबांना जे जपायला सुरुवात केली, त्याला तोड नाही. गॅलरीला जाळी, न्हाणीघरात न घसरणाऱ्या चटया, गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाईल. मीठ जवळजवळ बंद, ठेचा तर स्वप्नातही नाही. लिफ्टमध्ये एकट्यानं जायचं नाही. आईनं तर एक दिवस स्क्रू ड्रायव्हर मागवला आणि न्हाणीघराच्या दाराची आतली कडीच काढून टाकली, म्हणजे बाबांना चक्कर आली तर दार तोडायला नको. आंघोळ होईस्तोवर ती बाहेर स्टूल टाकून बसायची आणि मधूनमधून "अहो?" अशी हाक मारायची. आतून "हाव" असं उत्तर आलं की पुढचा श्वास घ्यायची. रात्री ती झोपायची नाही म्हटलं तरी चालेल. बाबांच्या छातीवर हात ठेवून पडून राहायची. मी तिला रागवायचे, ती म्हणायची, "डोये मिटले की ते झाडाखाली पडलेले दिसते."

आणि एवढं करून सगळं उत्तम होतं. बाबांचं वजन वाढलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली, रक्ताचे रिपोर्ट असे की डॉक्टरांनी आम्हा दोघींचं कौतुक केलं. फक्त बाबा बोलेनासे झाले होते. हा माणूस झाडांशी भांडायचा, विहिरीवरच्या मोटारीला शिव्या द्यायचा, संत्र्याच्या भावावरून वाटेल त्याच्याशी हुज्जत घालायचा. आता खुर्चीत बसून आवाज बंद केलेला टीव्ही बघायचा आणि अधूनमधून विचारायचा, "किती वाजले?" आयुष्यभर ज्यांनी मनगटाला घड्याळ बांधलं नाही, त्यांना आता दिवसभर वेळ हवी असायची. मला ते खटकत होतं. पण मी स्वतःची समजूत घालत होते, की माणूस आहे हे महत्त्वाचं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी गावाहून शेजाऱ्याचा फोन आला. रविवार होता, मी घरीच होते. बगीच्याचं पाणी तोडलंय, ताण बसला, असं तो सांगत होता. बाबांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "किती वाजले?"

आई समोर मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. संध्याकाळी मी कणीक मळत असताना स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"पानं कशी हायेत, हे बी इचारलं नाई त्याईनं," ती म्हणाली.

"विसरले असतील."

"इसरले नाई. आता काही वाटत नाई त्याईले." मग म्हणाली, "मी पुन्हा तेच केलं वं. आपण लाडाचं झाड करून ठेवलं तुह्या बापाचं. आता गावी नेते त्याईले."

मी चिडले. झाडाची गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी. मी तिला झटक्याची आठवण करून दिली, अमरावतीच्या रस्त्याची आठवण करून दिली. गावात धड दवाखाना नाही म्हणाले. शेवटी कणकेच्या हातानंच तिच्यापुढे उभी राहिले, "अन् तिकडं काही झालं तर?"

"होईन," ती म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली. "काही होनार नाई असं कोन सांगते? भेव तं मले तुह्याहून जास्त लागते. पण माह्या भेवासाठी त्याईनं किती दिवस खुर्चीत बसून राहावं?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर न्हाणीघराच्या दाराला कडी परत लावलेली होती. स्क्रू थोडे तिरपे बसले होते. आई कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होती, आणि बाबा दारामागे कडी लावून आंघोळ करत होते. बाहेर स्टूल नव्हतं.

माझ्या आईची लोक तारीफ करतात ती तिच्या हाताच्या चवीसाठी. मला मात्र ती सगळ्यात मोठी वाटली ती त्या संध्याकाळी, तिरप्या स्क्रूच्या त्या दारासमोर. ती काही धाडसी बाई नव्हे. पालीला घाबरते, विजेच्या बटणाला चपलेशिवाय हात लावत नाही. आणि तिनं सगळं वाऱ्यावर सोडलं असंही नाही. डॉक्टरांना गाठून काय चालेल, काय चालणार नाही ते पक्कं विचारून घेतलं. जिभेखाली ठेवायची गोळी बाबांच्या खिशात, तीच दुसरी शेजाऱ्याच्या खिशात. गावात मोटार कुणाकडे आहे, रात्री कुणाला उठवायचं, सगळं ठरवून टाकलं. मी ऑफिसात लोकांना जेवढं सांगते त्यापेक्षा जास्तच केलं तिनं. पण ते सगळं करून झाल्यावरही जी भीती उरते, तिच्यावर आमच्या ऑफिसात एकही पॉलिसी नाही. ती भीती आईनं मुकाट्यानं पदरात घेतली आणि माणसाला गावी नेऊन मोकळं सोडलं.

बहाराच्या वेळी मी गावी गेले. बाबा पहाटेच बगीच्यात गेले होते, एकटे. त्यांच्या यायच्या वेळेला आईनं चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, तिनं परत पाणी घातलं. बाबा आले नाहीत. मी दोनदा उठले, चपला घातल्या. "फोन तरी लावते," म्हटलं.

"बस," आई म्हणाली. "घडी घडी इचारपूस केली, की त्याईले वाटते आपण मेलोच."

ती मागच्या दारात बसून तूर सोलत होती. तिची नजर झाडांकडे होती आणि निम्मे दाणे सुपाबाहेर पडत होते. पण ती उठली नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि खाली पडलेले दाणे गोळा करू लागले, दुसरं काय करणार? काही वेळानं झाडांमागून बाबांचा आवाज आला. ते शेजाऱ्याशी तावातावानं भांडत येत होते, पाणी सोडायला त्यानं उशीर केला की घाई, यावरून. चेहरा उन्हानं रापलेला, अंगावरचं वजन उतरलेलं, कानामागे संत्र्याचं फूल खोचलेलं. आईनं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "चहाचा काढा झाला. आता तोच प्या."

तेव्हापासून रोज सकाळी आईचा मला फोन येतो. बाबा उठून अंथरुणात बसले, की ती त्यांचा चेहरा बघते आणि बाहेर येऊन मला सांगते, "पान सरळ हाय. जाय, डबा भर." एवढंच बोलणं. मग माझा दिवस सुरू होतो.

मागच्या आठवड्यात एका सकाळी फोन आला नाही. मी भाजी फोडणीला टाकली, परतली. फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि आईचं "बस" आठवून परत ओट्यावर ठेवला. पोळ्या लाटायला घेतल्या. एक करपली, दुसरीचा नकाशा झाला. नवरा दारात येऊन उभा राहिला. मग फोन वाजला आणि तिकडून बाबांचा आवाज आला. बाबा कधीच स्वतःहून फोन करत नाहीत. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"आई कुठंय?" मी ओरडलेच.

"हळू बोल वं," ते कुजबुजत म्हणाले. "तुही माय झोपली हाय. उन्हं अंगावर आली तरी झोपली हाय. मी पडलो त्या दिवसापासून अशी झोपलेली पाह्यली नवती, म्हणून उठवलं नाई." मग म्हणाले, "मी जवळ जाऊन पाह्यलं. पान सरळ हाय."