हिरडीचा वाफसा

काष्टीला बाजाराच्या दिवशी दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर मेथीच्या जुड्या, हातात मिश्रीची डबी. बोट सारखं डबीकडे जायचं आणि भिंतीवरची 'तंबाखू, मिश्री बंद' ही पाटी बघून माघारी यायचं.

तपासून बाहेर आल्या त्या हसतच. मी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"म्हनल्या, हिरडी दातापासून सुटलीय. त्या फटीत हवा पोचत न्हाई, तिथं जंतू माजत्यात. मंग रक्तातल्या राखनदार पेशी जंतूंवर चवताळत्यात, आन हिरडीची जास्त नासाडी त्याच करत्यात." त्या शेजारी टेकल्या. "मला लगीच कळलं. रानात पानी साचलं की वाफसा मोडतो, मातीत हवा ऱ्हात न्हाई, मुळ्या गुदमरत्यात. हिरडीला वाफसाच न्हाई, ताई. आन राखनदार डुकरामागं पळताना आपलाच हरभरा तुडवितो. दुखलं की मी आपली वरून मिश्री लिंपीत हुते."

त्या गेल्यावर बाकावर डबी दिसली. धावत जाऊन मी त्यांना रस्त्यात गाठलं आणि ती पुढं केली. त्यांचा हात आपोआप पुढं आला, मग त्यांनी तो पदराखाली घेतला.

"कशाला आनली, ताई? एवढी मुद्दाम इसरून आले हुते."